पंचनामा कोणी करायचा?

ऑक्टोबर २०२० मध्ये परतीच्या पावसाने धाराशिव जिल्ह्यातले काढणीला आलेले सोयाबीन शेतातच नासवले. कुठे काढून ठेवलेल्या गंजी भिजल्या, कुठे उभ्या पिकातल्या शेंगांना कोंब फुटले. शेतकऱ्यांनी प्रधानमंत्री पीकविमा योजनेचा हप्ता वेळेवर भरलेला होता. तरीही फार मोठ्या संख्येने शेतकरी भरपाईपासून वंचित राहिले आणि कारण एकच सांगितले गेले: नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत तुम्ही कंपनीला कळवले नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. मे २०२२ मध्ये न्यायालयाने साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश दिला. वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

या लढ्यात शेतकऱ्यांच्या बाजूने सगळ्यात भक्कम उभे राहिले ते महसूल आणि कृषी खात्याने केलेले पंचनामे. शेतकऱ्याने फोन केला नसेल, ॲपवर फोटो टाकला नसेल. पण पीक गेले हे सरकारी दप्तरात नोंदलेले होते. ज्या व्यवस्थेने हप्ता घेतला, तिलाच नुकसानाची माहिती असताना संकटात सापडलेल्या माणसाने वेगळा पुरावा घेऊन धावत यावे, ही अपेक्षा अन्यायाची होती. विमा म्हणजे हप्ता आणि रक्कम एवढेच नसते. संकट आल्याचे कोणी कळवायचे, कोणी नोंदवायचे आणि कोणाचे म्हणणे ग्राह्य धरायचे, यावरच विमा खरा की खोटा ते ठरते. धाराशिवने हे जेवढी किंमत मोजून शिकून घेतले तेवढे फार थोड्या जिल्ह्यांनी शिकले असेल.

हा धडा मला आज आठवतो तो परदेशी शिकायला निघालेल्या मुलामुलींच्या संदर्भात. नीती आयोगाने २०१८ मध्ये महाराष्ट्रातले जे चार जिल्हे आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेले, म्हणून निवडले, त्यात हा जिल्हा होता. तरीही कळंब, उमरगा, तुळजापूरकडची मुले आज जर्मनीला, ब्रिटनला, अमेरिकेला जातात. एमबीबीएससाठी रशिया आणि किर्गिझस्तान गाठतात. कोणी पुण्यात अभियांत्रिकी करून जाते, कोणी तुळजापूरच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या आवारात पदव्युत्तर शिक्षण घेऊन संशोधनाच्या मागे लागते. अनेक घरांत त्यासाठी सातबारावर बँकेचा बोजा चढतो. विद्यापीठाचे पत्र, व्हिसा, तिकीट, खोलीचे भाडे या सगळ्यांची चौकशी महिनोन्महिने चालते. विम्याचा विषय मात्र शेवटच्या आठवड्यात निघतो. एजंट तीन पॉलिसी दाखवतो, घरचे त्यातली स्वस्त निवडतात, आणि कागद फाइलला लागतो.

माझे म्हणणे असे की ही निवड त्या घरावर सोडणेच चुकीचे आहे. जे विद्यापीठ परक्या देशातल्या विद्यार्थ्याला प्रवेश देते, त्याने त्याच्या आजारपणाची जबाबदारीही प्रवेशाबरोबरच स्वीकारली पाहिजे. जे सरकार त्याला शिष्यवृत्ती देऊन पाठवते, त्यानेही आपला वाटा उचलला पाहिजे. आणि आजारी पडलेल्या मुलाने रुग्णालयाच्या खाटेवरून कंपनीशी पत्रव्यवहार करावा, अशी रचना कुठेही असता कामा नये.

वेगवेगळ्या देशांनी हा प्रश्न कसा हाताळला आहे ते पाहिले की फरक कळतो. ब्रिटनची पद्धत महाग, पण सरळ आहे. २०१५ पासून तिथे व्हिसाच्या अर्जाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो. सुरुवातीला विद्यार्थ्यांसाठी तो वर्षाला १५० पौंड होता. फेब्रुवारी २०२४ पासून ७७६ पौंड झाला. एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा व्हिसा बहुधा सोळा महिन्यांचा मिळतो, म्हणजे निघण्याआधीच १,१६४ पौंड मोजावे लागतात. शेतकरी कुटुंबाला हा आकडा जड जातो, आणि नऊ वर्षांत तो पाचपट झाला ही गोष्ट मला रास्त वाटत नाही. पण एकदा पैसे भरले की तो विद्यार्थी तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचा जवळजवळ इतरांसारखाच रुग्ण असतो. दातांचे उपचार आणि औषधांचे काही शुल्क सोडले तर त्याला बिल येत नाही. दावा दाखल करायचा नसतो, त्यामुळे तो नाकारलाही जात नाही.

जर्मनीची गोष्ट अधिक खोलात जाऊन समजून घेण्यासारखी आहे, कारण आपल्याकडची मुले तिकडे वाढत्या संख्येने जात आहेत आणि सर्वांत जास्त गैरसमजही तिथलेच आहेत. तिथे आरोग्य विम्याशिवाय विद्यापीठात नावनोंदणीच होत नाही. तीस वर्षांच्या आतल्या विद्यार्थ्याला सार्वजनिक आरोग्य विम्यात सवलतीच्या दराने जागा मिळते. महिन्याला साधारण १४० ते १५० युरो. या विम्यात आधीपासूनच्या आजारांवरून माणूस नाकारला जात नाही, मानसिक आजारांवरचे उपचारही त्यात येतात, आणि डॉक्टरकडे जाताना कार्ड दाखवले की पुरते. पण नोंदणीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत विद्यार्थ्याला या सार्वजनिक विम्यातून सूट घेऊन खासगी विमा काढता येतो. खासगी हप्ता सुरुवातीला बराच कमी दिसतो. एकदा ही सूट घेतली की ती त्या शिक्षणाच्या काळात मागे घेता येत नाही. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, नव्या शहरात, खिशात मोजके पैसे, भाषा तोडकीमोडकी, महिन्याला पन्नास-साठ युरो वाचतात म्हणून सही करतो. दोन वर्षांनी पाठीच्या मणक्याचे दुखणे निघते किंवा मन खचते, तेव्हा कळते की परतीचा रस्ता बंद आहे. या सहीआधी त्याला मराठीत, निदान समजेल अशा भाषेत, कोणी तरी सांगायला हवे होते. हे सांगणे कोणाचे काम आहे, याचे उत्तर आज कोणाकडेच नाही.

संशोधकांची स्थिती त्याहून नाजूक. जर्मनीत पीएचडी करणारा नोकरीच्या करारावर असेल तर त्याचा विमा आपोआप होतो आणि निम्मा हप्ता संस्था भरते. त्याच प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर बसणारा, तेच काम करणारा दुसरा संशोधक शिष्यवृत्तीवर आलेला असेल, तर तो कर्मचारी ठरत नाही. विद्यार्थ्यांचा सवलतीचा दरही पीएचडीला सहसा लागू होत नाही. आणि तिशी ओलांडून थेट भारतातून आलेल्या माणसाला सार्वजनिक विम्याचे दार बहुधा बंदच असते; त्याला खासगी बाजारातच जावे लागते, तेही वाढलेल्या वयाच्या दराने.

आता हे आपल्या राज्याच्या नियमांशेजारी ठेवून पाहा. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना परदेशी विद्यापीठांत पाठवते. दरवर्षी ७५ जण निवडले जातात. वयाची मर्यादा पदव्युत्तर शिक्षणासाठी ३५ आणि पीएचडीसाठी ४० वर्षे आहे. ही मर्यादा योग्यच आहे. जो मुलगा घरातला पहिला पदवीधर आहे, ज्याने मध्ये चार-सहा वर्षे नोकरी करून बहिणीचे लग्न केले, घराचे छप्पर घातले, तो तिशीनंतरच मोठे स्वप्न पाहू शकतो. शासनाने हे ओळखले आणि वैयक्तिक आरोग्य विम्याचा खर्चही योजनेत धरला, याचे श्रेय द्यायलाच हवे. पण शासन ज्या वयाला संधी मानते, नेमके त्याच वयाला परदेशातली विमाव्यवस्था जोखीम मानते. पैसे देण्याची तरतूद असूनही कोणता विमा, कधीपासून कधीपर्यंत, कशाचा समावेश असलेला, हे पुन्हा त्या एकट्या उमेदवारावर येऊन पडते. शिष्यवृत्तीचे हप्ते उशिरा जमा होतात ही तक्रार तर जुनीच आहे. निर्वाहभत्ता महिनाभर लांबला तर मुलगा कमी खाऊन दिवस काढेल. विम्याचा हप्ता थकला तर पुढच्या सत्राची नोंदणीच अडकू शकते.

अमेरिकेत २०२३-२४ या वर्षात भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३ लाख ३१ हजारांवर गेली, आणि तिथली व्यवस्था सर्वांत गुंतागुंतीची आहे. विनिमय कार्यक्रमाच्या जे-वन व्हिसावर येणाऱ्या संशोधकासाठी सरकारने किमान अटी घातल्या आहेत: प्रत्येक आजार किंवा अपघातासाठी १ लाख डॉलरचे संरक्षण, उपचारासाठी मायदेशी हलवण्याकरता ५० हजार डॉलर, मृतदेह परत पाठवण्यासाठी २५ हजार डॉलर, आणि स्वतःच्या खिशातून भरायची सुरुवातीची रक्कम ५०० डॉलरपेक्षा जास्त नको. बहुतेक विद्यार्थी ज्या एफ-वन व्हिसावर जातात, त्यांच्यासाठी तिथल्या केंद्र सरकारची अशी अटच नाही. तिथे प्रत्येक विद्यापीठ आपापला नियम करते. बरीच विद्यापीठे स्वतःच्या गटविम्यात विद्यार्थ्याला आपोआप घेतात आणि तेवढ्याच तोडीचा दुसरा विमा दाखवला तरच सूट देतात. गटविम्याचा हप्ता वर्षाला काही हजार डॉलर असतो. भारतात काढलेली पॉलिसी त्याच्या एका छोट्या अंशात मिळते. त्यामुळे सूट कशी मिळवायची यावरच सगळी हुशारी खर्च होते.

मला त्या मुलांचा राग येत नाही. पन्नास लाखांचे कर्ज डोक्यावर असताना दोन लाख रुपये वाचवणे हा अविचार नव्हे. पण स्वस्त पॉलिसीत काय नाही ते पाहायला हवे. आधीपासून असलेला आजार नाही किंवा जीवावर बेतेपर्यंत नाही. मानसिक आजार अनेकदा वगळलेला किंवा तुटपुंज्या मर्यादेत. आपल्या २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायला सांगितले आहे, पण परदेशात एकटेपणाने, थंडीने आणि कर्जाच्या ओझ्याने खचलेल्या मुलाच्या पॉलिसीत त्याचे प्रतिबिंब किती पडले आहे हे प्रत्येकाने अटी वाचून पाहावे. शिवाय अशा अनेक पॉलिसींत आधी रुग्णालयाचे बिल स्वतः भरायचे आणि मग परतावा मागायचा असतो. ज्याच्याकडे बिल भरायला पैसे आहेत त्याच्यासाठीच तो विमा उपयोगाचा.

इथे ७२ तासांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. बेशुद्ध अवस्थेत रुग्णालयात नेलेल्या विद्यार्थ्याने ठरावीक मुदतीत मुंबईतल्या कंपनीला कळवायचे असते. खोलीतला सोबती तेलंगणातला किंवा नायजेरियातला. त्याला पॉलिसीचा क्रमांक कुठून माहीत असणार? घरी कळते तेव्हा वडिलांना कोणाला फोन करायचा तेच समजत नाही. विद्यापीठाच्या गटविम्यात हे ओझे हलके होते, कारण विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राने केलेली नोंद हाच त्या मुलाचा पंचनामा असतो. आजाराची माहिती संस्थेला आहे, हप्ता संस्थेमार्फत गेला आहे, नियमावर संस्थेची सही आहे. मग भांडायलाही संस्थाच उभी राहू शकते. एकट्या ग्राहकाला कंपनी उत्तर देण्याचे टाळू शकते, हजारो विद्यार्थ्यांचा करार घेऊन बसलेल्या विद्यापीठाला टाळणे तिला परवडत नाही.

संस्थेच्या अशा आधाराशिवाय परदेशी शिकायला जाणे आपल्याला नवे नाही. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून जहाजाने अमेरिकेला निघाल्या. पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले, १८८६ मध्ये पदवी मिळवली, आणि परतल्यावर काही महिन्यांतच, फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. त्या एकवीस वर्षांच्या होत्या. क्षयावर तेव्हा औषधच नव्हते, त्यामुळे कोणत्याही विम्याने त्यांचा जीव वाचला असता असे म्हणणे खोटे ठरेल. पण परक्या देशात त्यांना आधार मिळाला तो न्यू जर्सीतल्या कार्पेंटर कुटुंबाच्या मायेचा, कोणत्या व्यवस्थेचा नव्हे. त्याच १८८३ साली बिस्मार्कच्या जर्मनीने कामगारांसाठी सक्तीच्या आरोग्य विम्याचा कायदा केला. आजार हे एका घराचे दुर्दैव नसून समाजाने वाटून घ्यायचे ओझे आहे, ही कल्पना तिथे कायद्यात उतरली. आज जर्मनीत जाणारा आपला विद्यार्थी ज्या सार्वजनिक विम्यात सामील होतो, त्याची मुळे त्या कायद्यात आहेत. आपल्या पाठवणाऱ्या व्यवस्था मात्र अजून कार्पेंटर मावशी भेटेल या भरवशावर मुले पाठवतात.

आपल्याकडे नमुनाच नाही असेही नाही. आखाती देशांत मजुरीला जाणाऱ्या, परदेशगमन मंजुरी लागणाऱ्या कामगारांसाठी भारत सरकारची प्रवासी भारतीय विमा योजना २००३ पासून सक्तीची आहे. दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाख रुपये, मृतदेह परत आणण्याचा खर्चही. रक्कम पुरेशी आहे असे मी म्हणणार नाही. पण देश सोडणाऱ्या माणसाचा विमा हे सरकारचे काम आहे, हे तत्त्व तिथे मान्य झालेले आहे. विद्यार्थी या योजनेत बसत नाही. त्याचा मृतदेह आणायची वेळ येते तेव्हा समाजमाध्यमांवर वर्गणीचे आवाहन होते, किंवा वकिलातीतल्या भारतीय समुदाय कल्याण निधीकडे अर्ज जातो. दरम्यान शिक्षणकर्ज देणारी बँक अनेकदा कर्जदाराचा आयुर्विमा आधीच उतरवून घेते, म्हणजे मुलाचे बरेवाईट झाले तर बँकेचे पैसे सुरक्षित राहावेत. भारतीय बँक संघाच्या आदर्श कर्जयोजनेत विद्यार्थ्याच्या विम्याचा हप्ताही कर्जातून देता येतो. ही तरतूद मुलाच्या प्रकृतीसाठी वापरायला कर्ज मंजूर करणाऱ्या शाखेने सांगितले, तर एकही नवा कायदा न करता पुष्कळ बदल होईल.

एक आक्षेप मला प्रामाणिक वाटतो आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. ज्या जिल्ह्यातला गंभीर रुग्ण आजही सोलापूरला किंवा लातूरला न्यावा लागतो, तिथे परदेशी जाणाऱ्या मूठभरांसाठी सरकारने पैसा आणि मनुष्यबळ का घालावे? आधी इथल्यांचे पाहा. हे म्हणणे मला मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. दोन्हीकडे दुखणे एकच आहे. इथल्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलीला टायफॉइड झाला तर तिचे विद्यापीठ काय करते? कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती घेणाऱ्याला विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम सांगतात की स्वतंत्र वैद्यकीय साहाय्य मिळणार नाही, संस्थेत ज्या सुविधा असतील त्या वापराव्यात. विद्यापीठाच्या उपकेंद्रात किंवा ग्रामीण भागातल्या संशोधन केंद्रात त्या सुविधा किती असतात? विद्यार्थ्याचा देह ही शिक्षणसंस्थेची जबाबदारी आहे, हे आपण आपल्याच घरात मानलेले नाही, म्हणून बाहेर पाठवतानाही मानत नाही.

आपण पाहुणे म्हणून ज्यांना बोलावतो त्यांच्याकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात येमेनसारख्या देशांतून विद्यार्थी आणि संशोधक वर्षानुवर्षे येत आहेत. त्यांच्या देशात युद्ध, घरून पैसे येण्याची खात्री नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण २०२३ मध्ये राज्याने ५ लाखांपर्यंत वाढवून सर्व कुटुंबांना खुले करण्याचा निर्णय घेतला, पण ती योजना राज्याच्या रहिवाशांसाठी. परदेशी विद्यार्थी तिच्या बाहेरच. आपला मुलगा जर्मनीत सार्वजनिक विम्यात सामावला जावा अशी आपली इच्छा असेल, तर येमेनच्या मुलालाही मराठवाड्यात तसाच हक्क मिळाला पाहिजे. प्रवेशशुल्कातच गटविम्याचा हप्ता धरावा, करार विद्यापीठाने करावा, आणि दावा विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राने दाखल करावा. आपल्याकडच्या हप्त्यांच्या मानाने हे अशक्य नाही.

सक्तीला माझा पाठिंबा आहे, पण सशर्त. जो पैसे वसूल करतो त्याने उत्तरदायीही असले पाहिजे. अमेरिकेतली काही विद्यापीठे महागडा विमा सक्तीचा करतात आणि दावा नाकारला गेला की विद्यार्थ्याला कंपनीचा दूरध्वनी क्रमांक देतात; ती सक्ती मला मान्य नाही. आणि युद्धासारख्या प्रसंगी तर बहुतेक सर्वच पॉलिसी हात वर करतात. २०२२ मध्ये युक्रेनमधून वीस हजारांहून अधिक भारतीय परत आणले गेले ते भारत सरकारच्या ऑपरेशन गंगा या मोहिमेमुळे, विम्यामुळे नव्हे. काही संकटे अशी असतात की त्यांचा विमा सरकारच असते.

या जिल्ह्यापुरते बोलायचे तर काम मोठे नाही. शिष्यवृत्तीवर जाणाऱ्या प्रत्येक उमेदवाराचा, निघण्याच्या दिवसापासून परतण्याच्या दिवसापर्यंतचा, एकच गटविमा राज्याच्या सामाजिक न्याय विभागाने काढावा. वय पस्तीस असो की चाळीस, हप्ता विभागाने थेट भरावा. परदेशातल्या विद्यापीठाचा सक्तीचा विमा असेल तर त्याची रक्कम पहिल्या हप्त्याबरोबर, नोंदणीच्या मुदतीआधी पोचावी. स्वतःच्या खर्चाने जाणाऱ्यांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी एक माणूस असावा, ज्याला जर्मनीतल्या त्या तीन महिन्यांच्या सहीचा अर्थ ठाऊक आहे, आणि ज्याच्या क्रमांकावर रात्री दोन वाजता भूमच्या किंवा परंड्याच्या वडिलांनी फोन केला तर तो पॉलिसी क्रमांक काढून कंपनीला कळवू शकेल. त्याने केलेली नोंद मुदतीत दिलेली सूचना म्हणून ग्राह्य धरावी, ही अट विम्याच्या करारातच लिहून घ्यावी.